नंबर कुणाच्या नावावर?

घरगुती व्यवसायाचं भांडवल मोजायला बसलं की कागदावर काय काय येतं? शेगडी, मोठी पातेली, शिलाई मशीन, लॅपटॉप, फार तर दारातली स्कूटी. दहा आकडी फोन नंबर त्या यादीत कधीच नसतो. पातेलं फुटलं तर उद्या दुसरं आणता येतं. पण वर्षानुवर्षं लाडवाच्या डब्यांवर छापलेला, कुणाच्या फ्रिजवर चिकटवलेला, कुणाच्या मोबाइलमध्ये ‘चकलीवाल्या काकू’ या नावाने जपलेला नंबर हातचा गेला तर तो बाजारात मिळत नाही. नवा नंबर शोधत किती गिऱ्हाइकं येतील, हे धंदा करणाऱ्याला कुणी सांगावं लागत नाही.

असं असूनही फोनची सोय निवडताना आपण भलत्याच गोष्टींना भुलतो. ‘व्हर्च्युअल नंबर’ आणि ‘क्लाउड टेलिफोनी’ विकणाऱ्या कंपन्या हल्ली छोट्या व्यावसायिकांच्या मागे लागलेल्या असतात. एक नंबर घ्या, तो हव्या तितक्या मोबाइलवर वाजवा, ‘विक्रीसाठी एक दाबा’ असं ऐकवा, प्रत्येक कॉल रेकॉर्ड करा, महिनाअखेर रंगीत आलेख बघा. डेमो बघून माणूस हरखून जातो. माझं मत असं की, यातलं बरंचसं घरून चालणाऱ्या धंद्याला लागत नाही, थोडंफार त्याच्या मुळावरच येणारं आहे, आणि जे खरोखर लागतं त्याबद्दल डेमोत कुणी अवाक्षर काढत नाही. लागतं ते इतकंच: नंबर आपल्या ताब्यात राहावा, आणि आपल्याला हवा तेव्हा तो गप्प करता यावा. बाकी सगळं या दोन गोष्टींनंतर.

पन्नाशी ओलांडलेल्यांना ‘पी. पी.’ नंबर आठवत असेल. टेलिफोनसाठी नाव लावून वर्षानुवर्षं वाट बघण्याचे ते दिवस. जास्त अनामत भरून रांगेत पुढे सरकण्यासाठी ‘ओन युअर टेलिफोन’ म्हणजे ओवायटी नावाची वेगळी योजना असे, यावरून टंचाईची कल्पना यावी. घरी शिवणकाम करणाऱ्या बाई, शिकवण्या घेणारे मास्तर, विम्याचे एजंट, लग्नामुंजीचे गुरुजी आपल्या कार्डावर शेजाऱ्याचा नाहीतर खालच्या वाण्याचा नंबर छापत आणि त्यापुढे पी. पी. लिहीत. फोन वाजला की शेजारच्या काकू उचलत, गॅलरीत येऊन हाक मारत, माणूस घरी नसला तर ‘साडेसहाला करा, तोवर येतील’ असं सांगत. कोण बोलावतंय, काम घाईचं आहे की उधारीचं, हे त्यांना आवाजावरून कळे आणि त्याप्रमाणे त्या हाक तरी मारत किंवा ‘गावाला गेलेत’ म्हणून मोकळ्या होत. आज ज्याला कॉल राउटिंग, कामाच्या वेळा, व्हॉइसमेल, स्पॅम फिल्टर अशी नावं आहेत ते सगळं एक बाई फुकटात करत होती. त्या व्यवस्थेत खोट एकच होती. काकूंशी नळावरून भांडण झालं की धंदा बसला.

आपला फोन दुसऱ्याच्या हातातून येतो, ही धास्ती टेलिफोनइतकीच जुनी आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटीला अल्मन स्ट्रोजर नावाचा, अंत्यविधीची व्यवस्था करून देणारा एक गृहस्थ होता. धंदा छोटा, गिऱ्हाईक वेळीअवेळी येणारं आणि थांबायला तयार नसलेलं. त्या काळी प्रत्येक कॉल एक्सचेंजमधल्या ऑपरेटरकडून जोडला जाई. आपल्यासाठी येणारे कॉल ऑपरेटर दुसऱ्याच व्यावसायिकाला जोडून देते, असा त्याला संशय होता. ती ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, अशीही कथा सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण संशयातून त्याने जे केलं ते नोंदलेलं आहे. मधलं माणूसच काढून टाकणाऱ्या, आपोआप कॉल जोडणाऱ्या यंत्राचं पेटंट त्याला १८९१ साली मिळालं, आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी तसलं पहिलं एक्सचेंज सुरू झालं. स्ट्रोजर पद्धतीची एक्सचेंजेस पुढे जगभर पसरली. आपल्याकडे बंगळुरूच्या आयटीआयने ती बनवली आणि कित्येक दशकं आपले फोन त्यांच्यातून खडखडत जोडले गेले. एवढ्या मोठ्या यंत्रणेच्या मुळाशी एका छोट्या धंदेवाईकाचा साधा प्रश्न होता: माझं गिऱ्हाईक आणि मी यांच्यामध्ये कोण बसलंय?

व्हर्च्युअल फोन घेताना तोच प्रश्न विचारायला हवा, कारण ही यंत्रणा मधल्या माणसाच्या जागी एक कंपनी आणून बसवते. तिचं काम समजून घ्यायला अवघड नाही. गिऱ्हाइकाने नंबर फिरवला की तो कॉल आपल्या घरी येतच नाही. तो कंपनीच्या सर्व्हरवर जातो. किती वाजलेत, आधी कुणाला वाजवायचं, त्याने नाही उचलला तर पुढे कुणाला, हे नियम आपण तिथे आधी लिहून ठेवलेले असतात. त्यांनुसार सर्व्हर आपल्या मोबाइलला दुसरा कॉल लावतो आणि दोन्ही कॉल एकमेकांना जोडतो. आपल्याला बाहेर फोन करायचा असेल तर उलट क्रम: आधी आपला मोबाइल वाजतो, मग गिऱ्हाइकाचा, आणि त्याच्या पडद्यावर आपल्या खाजगी नंबराऐवजी धंद्याचा नंबर दिसतो. एका संभाषणात दोन कॉल असतात, त्यामुळे मिनिटं कशी मोजतात हे करार करण्याआधी विचारून घ्यावं. वर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि ज्यांची स्वतःची जीएसटी नोंदणी नाही अशा घरगुती धंद्याला तो कुठूनही वळता करून घेता येत नाही. तो खर्चच.

याचा खरा उपयोग कुठे आहे ते बघायचं तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात डोंबिवलीतल्या, ठाण्यातल्या नाहीतर चिंचवडमधल्या एखाद्या फराळाच्या स्वयंपाकघरात जावं. कढईत चकल्यांचा घाणा पडलेला असतो. सोऱ्या एका हातात, दुसरा हात भाजणीने माखलेला. मोबाइल ओट्याच्या कोपऱ्यात, तेलाचे हात लागू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत. तो वाजतो. चकली तेलात असताना मागे वळता येत नाही; आच कमी केली तर ती तेल पिते, मोठी ठेवली तर करपते. मोबाइलची घंटी किती वेळ वाजावी यावरून टेलिफोन कंपन्यांची भांडणं झाली होती, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला ती मोबाइलसाठी ३० सेकंद आणि लँडलाइनसाठी ६० सेकंद अशी ठरवून द्यावी लागली. घाणा उपसून, हात धुऊन, पुसून, पिशवीतून फोन काढायला ३० सेकंद पुरतात का, हे चकल्या करणारीलाच विचारा. तोवर घरातलं शाळकरी पोर फोन उचलून ‘आई कामात आहे’ एवढं सांगून ठेवून देतं. कोण होतं, काय हवं होतं, किती किलो, कशाचाच पत्ता नाही.

इथे व्हर्च्युअल नंबर खरोखर कामाचा आहे. पंधरा सेकंद ओट्यावरचा मोबाइल वाजला, कुणी उचलला नाही, की बाहेरच्या खोलीत वही घेऊन बसलेल्या सासूबाईंचा वाजतो. त्यांनीही नाही उचलला तर पलीकडच्या इमारतीतल्या जावेचा. गिऱ्हाइकाला यातलं काही कळत नाही. सुटलेले कॉल एका यादीत राहतात आणि दुपारी घाणे उरकल्यावर एकेकाला परत फोन करता येतो. पूर्वी कॉलला पैसे पडत तेव्हा मिस्ड कॉल देऊन लोक निमूट वाट बघत. २०१६ नंतर बोलणं जवळपास फुकट झालं आणि धीर संपला. एकीने उचलला नाही तर माणूस त्याच मिनिटाला दुसरीला लावतो.

फोन उचलणारे हात एकाहून जास्त असले, तरच या यंत्रणेचे पैसे वसूल होतात, हे यातून निघतं. एकटीच बाई, एकच मोबाइल, उचलायला दुसरं कुणी नाही, अशा घरी सर्व्हर कॉल वळवणार तरी कुठे? आणि डेमो देणारा मुलगा नेमकं हेच विचारत नाही.

आता दुसरी गरज, फोन गप्प करण्याची. फराळाचे डबे परदेशी जायला लागले तसा हा प्रश्न जास्तच टोकदार झाला. ऑक्टोबरात न्यू जर्सीत दुपारचे चार वाजतात तेव्हा इथे रात्रीचा दीड असतो. तिथल्या भाचीला ऑफिसातून जरा सवड मिळाली, तिने नंबर फिरवला. तिचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. इथे मात्र अख्खं घर दचकून उठतं, कारण त्या वेळेला वाजणाऱ्या फोनचा अर्थ आपल्याकडे अजूनही वाईट बातमी असाच घेतात. धंद्याचा आणि घरचा नंबर एकच असेल तर फोन बंदही ठेवता येत नाही; म्हातारे आईवडील गावी असतात, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते. पुण्यातल्या दुकानांच्या दुपारी एक ते चारच्या सुट्टीवर आपण भरपूर विनोद केले, पण त्या दुकानदाराने एक हक्क राखला होता. शटर ओढलं की तो दुकानदार राहत नसे. घरातून धंदा करणाऱ्या बाईला शटरच नाही. स्वयंपाकघर तेच, ओटा तोच, नंबरही तोच.

हा प्रश्न नुसत्या झोपेचा असता तर सोडून देता आला असता. पण ज्या नंबरावर बँकेचे ओटीपी येतात, जो आधारला जोडलेला आहे, ज्यावर यूपीआय चालतं, तोच नंबर आपण पत्रकावर छापून सोसायटीच्या प्रत्येक दारात सरकवतो. पैसे पाठवण्याच्या अॅपमध्ये तो टाकला की पूर्ण नाव समोर येतं. व्हॉट्सअॅपवर मुलांचे फोटो दिसतात. बाईचा नंबर भिंतीवर लागला की रात्री अकराला ‘ब्लाउजचा रेट काय?’ असं विचारून पुढे भलतंच बोलणारे फोन येतात, हे शिवणकाम करणाऱ्या, पार्लर चालवणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या कुठल्याही बाईला विचारून बघा. घरात हे ती बोलत नाही, कारण बोललं की उत्तर ठरलेलं असतं: मग बंद कर धंदा.

टॅक्सीच्या अॅपवरून चालकाला फोन केला तर त्याला आपला नंबर दिसत नाही, आपल्याला त्याचा दिसत नाही. मधे तिसराच नंबर असतो. हीच व्हर्च्युअल नंबरची करामत आहे, आणि मोठ्या कंपन्या आपल्या गिऱ्हाइकांसाठी ती सर्रास वापरतात. जी आड मोठ्या भांडवलाच्या कंपनीला आवश्यक वाटते ती घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाईला चैन कशी ठरते, हे मला कळत नाही. व्हर्च्युअल फोनच्या बाजूने बोलायचं तर माझ्या दृष्टीने हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. गंमत म्हणजे जाहिरातीत तो शेवटून दुसऱ्या ओळीत असतो. वर असतं काय, तर ‘आपला व्यवसाय मोठा दिसेल’.

मोठं दिसण्याचं हे खूळ जरा तपासून बघू. घरून काम करणारा आर्किटेक्ट, सनदी लेखापाल, भाषांतरकार यांना ते कदाचित उपयोगी पडत असेल. समोरची कंपनी त्यांच्याकडे ऑफिस म्हणूनच बघणार असते, त्यांना ०२२ किंवा ०२० ने सुरू होणारा नंबर शोभतो. पण कोकणातल्या आमसुलांचं सरबत, घरचे पापड-कुरडया, पूजेसाठी पुरणपोळ्या विकणाऱ्यांचं भांडवल त्यांच्या लहान असण्यातच आहे. गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे पाठ करून इथे आलं ते थेट करणारीशी बोलायला. त्याला ‘नवीन ऑर्डरसाठी एक दाबा, तक्रारीसाठी दोन दाबा’ ऐकवलं तर ते म्हणेल, ही तर बँकच झाली. सदाशिव पेठेतल्या आजोबांना ‘बोला’ असा आवाज हवा असतो. तो ऐकू आला नाही तर ते फोन ठेवतील आणि चार जणांना तसं सांगतीलही.

शिवाय त्या तयार आवाजांची भाषा बघा. मोठ्या कंपन्यांच्या फोनवर मराठी ऐकायला मिळावी म्हणून महाराष्ट्रात आंदोलनं करावी लागली, आणि आपण आपल्याच धंद्यासाठी पैसे मोजून हिंदी-इंग्रजी निवेदन विकत घ्यायचं? बहुतेक यंत्रणांत स्वतःच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण चढवता येतं. निवेदन ठेवायचंच असेल तर आपल्या आवाजात, दोन वाक्यांचं ठेवावं: आत्ता कामात आहे, दुपारी तीननंतर मीच फोन करते. आणि मग तीननंतर खरंच करावा. टोल-फ्री नंबराचं तर नावही काढू नये. गिऱ्हाइकाचा कॉल तसाही त्याच्या पॅकमध्ये फुकट असतो. त्याचे वाचलेले शून्य रुपये आपण कशाला भरायचे?

एक अडचण मात्र आधी माहीत असलेली बरी. व्हॉट्सअॅपचं व्यवसायांसाठीचं अॅप २०१८च्या जानेवारीत आलं आणि आज घरगुती धंद्याचा निम्मा व्यवहार त्याच्यावर होतो. ते सुरू करायला नंबर पडताळावा लागतो, एसएमएसने किंवा कॉलने. पुष्कळ व्हर्च्युअल नंबरांवर एसएमएस येतच नाहीत. कॉलने पडताळायला जावं तर व्हॉट्सअॅपचं यंत्र आपला आकडा सांगू लागतं, तेवढ्यात आपलं यंत्र ‘नमस्कार, आपलं स्वागत आहे’ सुरू करतं. दोन यंत्रं एकमेकांशी बोलत बसतात आणि आकडा हवेत विरतो. पडताळणीपुरतं निवेदन बंद ठेवलं की काम होतं, पण हे सांगणारं कुणी नसतं.

आता मालकीचा मुद्दा. सिमकार्डावरचा नंबर आणि कंपनीने दिलेला व्हर्च्युअल नंबर दिसायला सारखेच, पण त्यांच्यात घर आणि भाड्याच्या खोलीइतका फरक आहे. मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय, म्हणजे पोर्टेबिलिटी, आपल्याकडे २०१०च्या नोव्हेंबरात हरयाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ला देशभर आली. तिची किंमत कळली ती पुढे. २०१७च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने आपली मोबाइल सेवा गुंडाळली, २०१८च्या सुरुवातीला एअरसेल दिवाळखोरीत गेली. लाखो लोकांचा फोन रातोरात मुका झाला. त्यांचे हाल झाले, रांगा लागल्या, पोर्टिंगच्या कोडसाठी धावाधाव झाली. पण नंबर लोकांचेच राहिले. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर तेच दहा आकडे पुन्हा वाजू लागले. कंपनी बुडाली तरी कार्डावर छापलेलं खोटं ठरलं नाही.

ही सोय मोबाइल नंबरांना आहे. लँडलाइनच्या मालिकेतल्या नंबरांना नाही. आणि व्हर्च्युअल नंबर पुष्कळदा याच मालिकेतले असतात, एखाद्या टेलिफोन कंपनीने क्लाउडवाल्या कंपनीला घाऊक दिलेले, आणि तिने आपल्याला किरकोळीने. म्हणजे आपण भाडेकरूचे पोटभाडेकरू. भाडं थकलं, कंपनीने योजना बदलली, दर दुप्पट केले, किंवा तिचं दुकानच उठलं, तर नंबर कुठे जाईल याचं उत्तर करारात बारीक अक्षरांत असतं किंवा नसतंच. कंपनी मोठी असली की भीती नाही, असं कुणी म्हणेल. स्काइप मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं होतं, २०११ मध्ये साडेआठ अब्ज डॉलर मोजून घेतलेलं. परदेशातल्या कितीतरी छोट्या व्यावसायिकांनी स्काइपचा नंबर कार्डावर छापला होता. ५ मे २०२५ला स्काइप बंद झालं. मायक्रोसॉफ्ट आहे तिथेच आहे, आणि ठणठणीत आहे. तिला फक्त त्या कामात रस उरला नाही.

नंबराला पूर्वायुष्यही असतं. टेलिमार्केटिंगवाल्यांनी असल्याच घाऊक नंबरांवरून लोकांना इतकं छळलं की ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्यांची जोडणी तोडायचे आदेश दिले, आणि काही आठवड्यांत २.७५ लाखांहून जास्त नंबर व जोडण्या तोडल्याचं जाहीर केलं. कारवाई योग्यच होती. पण तसला हाताळलेला नंबर फिरून आपल्या वाट्याला आला तर गिऱ्हाइकाच्या फोनवर ‘स्पॅम’ची लाल पट्टी दिसते आणि आपण पुरणपोळीबद्दल बोलणार आहोत हे त्याला कळायच्या आत तो कॉल कापतो. नंबर घेण्याआधी तो ट्रूकॉलरवर टाकून बघावा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि ‘दिवाळीच्या शुभेच्छा एकाच वेळी हजार जणांना आवाजात पाठवा’ अशी जोडयोजना कुणी फुकट देत असेल तरी घेऊ नये. तो लाल शिक्का असाच मिळतो.

रेकॉर्डिंगही मला खटकतं. ऑर्डरमध्ये घोळ झाला तर उपयोग होतो, हे कबूल. पण जेवणाचा डबा लावणाऱ्या आजी फोनवर काय काय बोलतात, ते आठवा: मी एकटीच असते, दार उघडं ठेवते, मुलगा शनिवारी येतो, किल्ली शेजारी आहे. हे सगळं कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर साठत राहणार, आणि त्याचा पासवर्ड आपण वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला असणार. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण कायद्याचं सोडा. आजींना आपण सांगितलंय का, की हे रेकॉर्ड होतंय? सांगवत नसेल तर ती सोय बंद ठेवावी. बऱ्याच ठिकाणी ती आपोआप चालू असते, म्हणून आधी जाऊन बंद करावी लागते.

मग करावं काय? माझा कौल मधल्या वाटेला आहे, आणि ती स्वस्तही आहे. धंद्यासाठी वेगळं सिमकार्ड घ्यावं. कार्डावर, डब्यावर, पत्रकावर, व्हॉट्सअॅपवर जगाला द्यायचा नंबर तो. दोन सिमच्या फोनमध्ये रात्री नऊला ते एक सिम बंद करता येतं, घरचं चालू राहतं. निम्मा प्रश्न इथेच सुटला. बँक, आधार, यूपीआय यांतलं काहीही त्याला जोडू नये. पैसे घ्यायचे तर क्यूआर आहे. पुढे धंदा वाढला, फोन उचलायला तिघी झाल्या, की व्हर्च्युअल यंत्रणा जरूर घ्यावी, पण तिचा नंबर कुणालाही देऊ नये. आपल्या सिमवरचे कॉल तिकडे वळवावेत. गिऱ्हाईक आपलाच नंबर फिरवतं, यंत्रणा मागे राहून काम करते. कंपनीने उद्या दर वाढवले तर कॉल दुसरीकडे वळवले, संपलं. एकही पत्रक पुन्हा छापावं लागत नाही. परत फोन करताना यंत्रणेचा नंबर दिसतो, ही यातली कटकट आहे. त्यासाठी त्या वेळी सिमवरूनच फोन करावा. वळवलेले कॉल पॅकमध्ये धरतात की वेगळे मोजतात, हेही विचारून घ्यावं.

कॉल वळवण्यातही धोके आहेत. लबाड लोक काहीतरी थाप मारून *४०१ असा कोड फिरवायला लावत आणि माणसाचे सगळे कॉल स्वतःकडे वळवून घेत. म्हणूनच त्या पद्धतीचं कॉल फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून थांबवायला दूरसंचार विभागाने कंपन्यांना सांगितलं. तेव्हा वळवायचं काम फोनच्या सेटिंगमधून किंवा टेलिफोन कंपनीकडूनच करावं, फोनवर कुणी सांगेल तो आकडा दाबू नये. आणि सिमचा रिचार्ज चुकवू नये. बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला दिला जाऊ शकतो. मग चकलीच्या ऑर्डरी घ्यायला नगरचा कुणी गवंडी.

फायबर ब्रॉडबँड घेतलेल्यांच्या घरी आणखी एक नंबर न वापरता पडलेला असतो. बहुतेक जोडण्यांबरोबर लँडलाइन नंबर फुकट येतो, आणि काही कंपन्यांच्या अॅपमधून तो मोबाइलवर उचलताही येतो. शिकवण्या घेणाऱ्यांना, सल्लागारांना तेवढं पुष्कळ आहे. फक्त पोर्टेबिलिटीचा मघाचा नियम त्यालाही लागू: ब्रॉडबँड बदललं की नंबर गेला.

हे सगळं नीट जुळवलं तरी एक गोष्ट राहते, आणि ती सिमकार्ड विकणाऱ्या दुकानात ठरते. धंदा बाईचा, राबणं तिचं, नंबर मात्र नवऱ्याच्या आधारवर घेतलेला, नाहीतर कॉलेजात गेलेल्या मुलाच्या, कारण त्या दिवशी दुकानात तो गेला होता. व्हर्च्युअल कंपनीही करारासाठी पॅन आणि धंद्याची नोंदणी मागते. ‘उद्यम’ नोंदणी फुकट होते, पण तीही घरात ज्याला ऑनलाइन अर्ज भरता येतो त्याच्याच नावावर होऊन बसते. नंबर पोर्ट करायचा, हरवलेलं सिम परत काढायचं, सेवा बंद करायची, यातला कुठलाही अधिकार मग राबणारीकडे नसतो. मुलगा परदेशी गेला, नवऱ्याशी बिनसलं, दुर्दैवाने तो गेलाच, तर पंधरा वर्षं बांधलेला धंदा ज्या दहा आकड्यांवर उभा आहे त्यांच्यासाठी तिला दुसऱ्याची सही मागत फिरावं लागतं. पूर्वीच्या पी. पी. नंबरात निदान तो शेजारचा आहे हे उघड छापलेलं असे. आपल्या नावावर किती आणि कुठले नंबर आहेत ते ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर बघता येतं. धंद्याचा नंबर तिथे तिच्या नावाखाली दिसत नसेल तर टेलिफोन कंपनीच्या दुकानात जाऊन मालकी बदलून घेता येते. दोघांची ओळखपत्रं आणि दोघांची संमती लागते. ती संमती व्हर्च्युअल फोनचा डेमो बघायच्या आधी मागावी.